उजवा मिनार

गफूर उस्ताद कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटायचे, मग माणसांना. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला की उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून भिंतीवर दोनदा टकटक करायचे आणि मान कलती करून ऐकायचे. भिंत चांगली निघाली तर "वालेकुम सलाम" म्हणायचे, जणू सलाम तिनेच आधी केला होता. वाईट निघाली तर काही न बोलता खुर्ची ओढून बसायचे. हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या आमच्या गल्लीत या गप्प बसण्याची सगळ्यांना धास्ती होती. नव्या घराची वास्तुशांत झाली की लोक त्यांना चहाला बोलवायचे आणि स्वतःचा चहा गार होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

मला याद्या करायची सवय आहे. सरकारी भांडारात नोकरी झाली, तिथे यादी नसेल तर वस्तूच नसते. उस्तादांच्या नावाचंही एक पान माझ्या जुन्या वहीत आहे. चहात साखर तीन चमचे. रुमालात गुंडाळलेला गुळगुळीत अकीक दगड कायम खिशात, तो गिलाव्याला झिलई द्यायला. सिमेंटच्या पोत्यावर बसत नाहीत, उभे राहतात. लिहिता-वाचता येत नाही, पण आपण वाचून दाखवलेलं विसरत नाहीत. आणि याच पानावर खाली एक नोंद आहे, जिच्यापुढे मी बरेच दिवस प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. 'मशिदीच्या उजव्या मिनाराजवळून जाताना हात पाठीमागे बांधतात. कारण माहीत नाही.'

मशीद आमच्या परसाच्या भिंतीला लागूनच आहे. लहानशी, तीन कमानींची, दोन बाजूंना दोन बुटके मिनार आणि अंगणात एक आड. लोक तिला भिस्त्यांची मशीद म्हणतात. कुतुबशाहीत शहर उभं राहत होतं तेव्हा मोठमोठ्या बांधकामांवर कातडी पखालींतून पाणी वाहणारे भिस्ती या बाजूला राहायचे, असं सांगतात. तेव्हा इकडे बागा होत्या. शाही कामावर दिवस संपताना कालवलेला चुना उरायचा. तो दुसऱ्या दिवशी उपयोगाचा नाही, म्हणून मुकादम तो भिस्त्यांना देऊन टाकायचा. भिस्ती तो पाटीत घालून संध्याकाळी इथे आणायचे आणि जेवढा चुना तेवढंच बांधायचे. कधी हातभर, कधी वीतभर. अशी ही मशीद कित्येक वर्षं उरलेल्या चुन्यावर वाढत गेली.

"याला कागद आहे का उस्ताद?" मी एकदा विचारलं. सवयीने.

"कागद?" त्यांनी मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. "हे बघा बाई. इथं चुना पांढरा हाय. त्याच्यावर वीतभर जरा लालसर. त्याच्यावर पुन्हा पांढरा. एकाच दिवसाचा चुना असता तर एका रंगाचा नसता का? रोजचा वेगळा, रोजच्या पाटीतला. ह्योच कागद. वाळवी लागत नाही ह्याला."

उस्ताद मूळचे उदगीरकडचे. माझ्याशी मराठी बोलायचे, ते तिकडचं. मशिदीतल्या मंडळींशी दखनी. चार पिढ्या चुन्याचं काम. मात्र सिमेंट आल्यावर त्यांच्या चाळिशीतच चुन्याची कामं संपली होती. गल्लीत त्यांना काम मिळायचं ते गळती शोधण्याचं. आमचीही ओळख तशीच झाली. आमच्या स्वयंपाकघरात ओल यायची. तीन गवंड्यांनी तीनदा गच्चीवर सिमेंट ओतलं, ओल तशीच. उस्ताद आले, टकटक केली आणि म्हणाले, "पाणी वरून नाही यायलं बाई, बाजूनं यायलंय. तुमची मोरी फुटलीय. गच्चीवरचं ओझं तेवढं फुकट वाढवलंत." मोरी फुटलेली होती. गच्चीवरचं तिप्पट ओझं अजून आहे.

मग ती वर्षं आली, ज्यांत हैदराबादेत रोज काहीतरी नवीन उघडत होतं. नारायणगुड्याच्या नाक्यावर आधी एसटीडी बूथ, मग केबलवाल्याचं दुकान, मग बंगला पाडून पाच मजली अपार्टमेंट. टीव्हीवर सिमेंटची जाहिरात लागायची. परदेशातून आलेली माणसं येताना दोन्ही हात भरून यायची आणि आपल्या गल्लीसाठी काहीतरी करून जायचं म्हणायची. नईमसाहेब त्यांतलेच. बालपण याच गल्लीत, पुढे पंधरा वर्षं दुबई. माणूस चांगला. वडिलांच्या नावाने मशीद नवी करायची त्यांची इच्छा होती. भिंतींना संगमरवर आणि दोन उंच मिनार, चिक्कडपल्लीपर्यंत दिसतील असे. त्यात उजव्या मिनाराला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती, त्यामुळे कुणाला नाही म्हणायला जागाच नव्हती.

त्याची बैठक आमच्या व्हरांड्यात भरली, कारण मिनार पाडायचा तर परांची आमच्या परसात बांधावी लागणार होती. मशीद कमिटीचे अध्यक्ष म्हणजे सदरसाहेब, नईमसाहेब, त्यांनी आणलेले एक इंजिनिअर आणि जुना माणूस म्हणून बोलावलेले उस्ताद. मी चहा दिला आणि दाराशी उभी राहिले. इंजिनिअर म्हणाले की चारशे वर्षांचं बांधकाम आहे, चुना म्हणजे शेवटी माती, भेग पडायचीच. कोणाचा दोष नाही, वयाचा दोष आहे.

सगळ्यांनी माना हलवल्या. उस्तादांनीही हलवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी कप खाली ठेवला.

"चार सौ बरस का कुसूर नै साब. बीस बरस का है. मेरा है."

सदरसाहेब हसले. "उस्ताद, अब ये क्या नवा किस्सा निकाले?"

किस्सा असा होता. वीस वर्षांपूर्वी सिमेंट परमिटवर मिळायचं. कमिटीने कितीतरी खेटे घालून काही पोती मिळवली होती. हातगाडीवरून ती आली तेव्हा गल्ली बघायला जमली होती. अशा मानाच्या मालाचं काय करायचं? मशिदीलाच लावायचं. तेही उजव्या मिनाराला, म्हणजे रस्त्यावरून आधी तेच दिसेल. आणि गल्लीतल्या सगळ्यात चांगल्या हाताने लावायचं. उस्तादांनी जुन्या चुन्याच्या नक्षीवर छिन्नीने टोचे मारले, सिमेंट घट्ट धरावं म्हणून, आणि वरपासून खालपर्यंत करडा लेप चढवला. लोकांनी त्यांना हार घातला होता.

"चुना सांस लेता साब," उस्ताद म्हणाले. "पानी पीता, छोड़ता. मैं उसके मूं पे हाथ रख दिया. पानी अंदर गया, बाहर आने कू रस्ता नै. अंदर का चुना आटा हो गया. डावा मिनार देखो. उसकू सिमेंट नै पुरा, इसलिए बचा."

सगळे उठून परसात गेले. डावा मिनार उभा होता, काळवंडलेला, जुनाट, एकही भेग नसलेला. इतकी वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

"बीस साल चुप क्यों बैठे उस्ताद?" नईमसाहेबांनी विचारलं.

"शरम."

 मग उस्तादांनी मागणी केली, एक हंगाम. सिमेंट स्वतः उतरवीन, चुन्याने मिनार पुन्हा बांधून देईन, मजुरी नको. पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा.

"और नै बचा तो?" सदरसाहेब म्हणाले.

"तो पहला हथौड़ा मेरे हाथ में देना. मैंच गिराऊंगा."

इंजिनिअर सरळ माणूस निघाले. त्यांनी सांगितलं, काम झालं की मिनाराच्या पायाशी, दगडात गेलेल्या भेगेवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवतो. मिनार हलत असेल तर काच फुटेल. पावसाळ्याअखेर काच शाबूत असेल तर मी माझा अहवाल बदलतो. मग प्रश्न आला की चुना मुरवायचा कुठे. मशिदीच्या अंगणात जागा नव्हती, नमाजाला लोक येणार. माझ्या डोक्यात तोवर यादी सुरू झाली होती. सावली, पाणी, झाकण, चाळीस दिवस. मी म्हटलं, "आमच्या परसात खणा."

सासूबाई घरात होत्या. मी आत गेल्यावर त्यांनी मला ऐकवलं. "लोकांच्या अंगणात तुळस असते गं, आमच्या अंगणात चुन्याचा हौद! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येतील, त्यांना काय दाखवू? या, बसा, चुना घ्या?"

हौद खणला गेला. कळीचा चुना पाण्यात पडला तेव्हा तो असा उकळला की सासूबाईंनी देवघराचं दार लावून घेतलं. नंतर रोज त्यावर बोटभर पाणी राहील एवढं बघायचं, ते काम माझं. सामानाची यादीही माझीच. वाळू, विटांची भुकटी, हिरड्याचं पाणी, बेलफळांचा गर, उडदाची डाळ, गूळ. मी प्रमाण विचारलं की उस्ताद ओंजळ पुढे करायचे. "एवढं." मी ती ओंजळ तराजूत घालून वजन लिहायची. ते हसायचे. "बाई, उद्या माझा हात सुजला तर?"

"म्हणूनच लिहून ठेवतेय."

 त्या दिवसापासून ते संध्याकाळी माझ्याकडून यादी वाचून घ्यायला लागले. चुकलं की दुरुस्त करायचे. "हिरडा फोडून भिजवा लिहा. अख्खा नको."

आता गुळाची गोष्ट. दुकानदाराने गूळ पाठवला. सासूबाई, ज्या हौदाकडे बघतही नव्हत्या, त्यांनी नेमका तो खडा तोंडात टाकला. "अहो उस्ताद! हा गूळ खारट आहे. खारवट जमिनीतल्या उसाचा. याची तर पोळीसुद्धा होणार नाही."

उस्तादांनी जिभेला लावला, त्यांना खारटपणा कळलाच नाही, आणि त्यांचा चेहरा उतरला. मीठ गेलं असतं तर चुना वर्षभरात पापुद्रे धरून सुटला असता. "अम्मा," ते म्हणाले, "पान खाऊन खाऊन माझी जीभ गेली. मी हा घातला असता."

"मग पान सोडा," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर सामानातली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्याकडे जायची. उडदाची डाळ त्यांनी दोनदा परत पाठवली.

कालवायला लक्ष्मम्मा होती. गल्लीतल्या बांधकामांवर पाट्या वाहणारी तेलुगू बाई, पन्नाशीची, आवाज असा की मशिदीच्या भोंग्याला उत्तर देईल. उस्तादांनी तिला उखळात चुना कुटायला बसवलं आणि खूण सांगितली. थापीवर चुना घ्यायचा आणि थापी उलटी करायची. लटकून राहिला तर तयार, सुटला तर कच्चा. पहिले चार दिवस तो तिच्याच पायांवर सुटत राहिला.

"उस्ताद, तुम्हारा चुना मेरे से मोहब्बत करता. पाँव पड़ रा."

"मोहब्बत नक्को, मेहनत हो. और कूट."

सिमेंट मात्र उस्तादांनी कोणालाही उतरवू दिलं नाही. रोज सकाळी परांचीवर चढायचे आणि लहान छिन्नीने तळव्याएवढा तुकडा सोडवायचे. खालून वीस वर्षांपूर्वीचे त्यांचेच टोचे निघायचे. नक्षीच्या पाकळीवर टोचा, कळीवर टोचा. एकदा मी खालून विचारलं, "किती राहिलं?" तर म्हणाले, "सिमेंट थोडं राहिलं. टोचे लई हायत."

काळजी खरी ती होती. भेग चुन्याने सांधता आली असती, पण नक्षी कुठून आणायची? डाव्या मिनारावर ती पावसाने झिजून गुळगुळीत झाली होती. उजव्यावर टोच्यांनी संपली होती. उस्तादांना आठवत होती, पण आठवण हातात उतरेना. तीन वेळा त्यांनी वेल काढली आणि तिन्ही वेळा खरवडली. एका दुपारी परांचीवरून त्यांची हाक आली.

"बाई! वही घेऊन या!"

मी परांची चढून वर गेले. मिनाराच्या मागच्या अंगाला, सज्जाच्या खाली, सिमेंटचा मोठा पापुद्रा अलगद सुटला होता. त्याखाली हातभर लांबीची वेल अख्खी होती. पाच पाकळ्यांचं फूल, कळी, पुन्हा फूल, मध्ये साखळीसारखा देठ. एकही टोचा नाही. पांढरी, नुकती कोणी करून ठेवल्यासारखी.

"ही कशी वाचली?" मी विचारलं.

उस्ताद परांचीच्या फळीवर बसले होते, पाय खाली सोडून. आधी रडतायत असं वाटलं, पण ते हसत होते. "टोचे मारता मारता दुपार कलली, असरची अजान झाली. छिन्नी ठेवली, खाली उतरलो. नमाज पढून आलो आणि कंटाळा आला. म्हणलं, मागच्या बाजूला कोण बघतंय? टोचे न मारताच सिमेंट फासलं." त्यांनी वेलीवर तळवा ठेवला, न दाबता. "साऱ्या कामात तेवढीच चोरी केली, आणि तेवढंच चांगलं काम झालं."

मी वेलीचं माप घेतलं, फुलापासून फुलापर्यंत, आणि वहीत काढली. माझी वेल मापात बरोबर आणि दिसायला पडवळासारखी आली. खाली आल्यावर लक्ष्मम्माने वही बघितली आणि पदर तोंडाला लावला. "अय्यो, ये क्या है अम्मा? साँप?" मग तिने जमिनीवर बोटाने ठिपके दिले, दारात रोज मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, घालतात तसे, आणि ठिपक्यांना वळसे घालत एका दमात ती वेल काढली. फूल, कळी, फूल, मध्ये साखळी. उस्ताद खाली उतरले. 

"लक्ष्मम्मा, ऊपर चढ़ती?"

"चढ़ती. गिरी तो?"

"गिरी तो मैं हूँ नीचे."

"तुम नीचे रहके क्या करते उस्ताद, तुम हवा से गिर जाते."

चढली. मिनारावर जी वेल आज दिसते ती लक्ष्मम्माच्या हातची आहे. ओला चुना, बांबूची चिमटीएवढी पट्टी, आणि शेवटी उस्तादांचा अकीक. तो त्यांनी रुमालातून काढून तिला दिला, आणि परत मागितला नाही. सदरसाहेब दोनतीनदा येऊन बघून गेले. काम मशिदीचं, हात लक्ष्मम्माचा, यावर काही बोलतील असं मला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "उस्ताद, इनकू पानी-वानी पूछो. धूप बहोत है."

नईमसाहेब दुबईहून परत आले तेव्हा काम संपत आलं होतं. संगमरवराचे नमुने त्यांच्या पिशवीत होते. ते मिनाराखाली उभे राहिले, वर बघत राहिले. मग म्हणाले, "अब्बा बोलते थे, बचपन में इस मिनार पे फूल थे. हम समझे, बुढ़ापे की बातां हैं." पिशवी त्यांनी उघडलीच नाही. वडिलांच्या नावाची पाटी लावू का, असं विचारलं, तेव्हा उस्ताद म्हणाले, "भिस्त्यां कू पूछो. उनों की पाटी कां है?" त्यावर नईमसाहेब मोठ्याने हसले. त्यांनी आड उपसून, दुरुस्त करून दिला. त्याचं पाणी आजही गल्ली भरते.

काम झाल्यावर मिनाराला ओली गोणपाटं गुंडाळली. इंजिनिअरनी पायाशी काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. मी उस्तादांना म्हटलं, "आता वाजवून बघा की."

त्यांनी हात पाठीमागे बांधले. "आत्ता नको. ओला चुना खोटं बोलतो."

पावसाळ्यात ते आजारी पडले. त्यांची मुलगी येऊन त्यांना उदगीरला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्याकडून यादी शेवटपर्यंत वाचून घेतली, हिरड्यापासून गोणपाटापर्यंत, आणि म्हणाले, "एक नक्कल लक्ष्मम्माला द्या."

"तिलाही वाचता येत नाही उस्ताद."

"मग वाचून दाखवा. माझ्यासारखं."

दर रविवारी मी भिंतीपलीकडे जाऊन काच बघत होते. वहीत ओळीने नोंदी आहेत. काच शाबूत. काच शाबूत. एका आठवड्यात असा पाऊस झाला की मुशी नदीला पाणी चढलं आणि आमच्या गच्चीच्या तिप्पट सिमेंटमधूनसुद्धा धार लागली. त्या रविवारी मी पहाटेच गेले. काच शाबूत.

दसरा उलटल्यावर इंजिनिअर आले, पट्ट्या तपासल्या आणि अहवाल बदलला. मिनार पाडायची गरज नाही. आता वास्तुकलेची मुलं-मुली दरवर्षी येतात, मिनारासमोर बसून ती वेल काढतात. मी त्यांना चुन्याची यादी देते, आणि ती कोणाच्या ओंजळीने मोजली तेही सांगते. अगदी छाती पुढे काढून सांगते. लक्ष्मम्माला तर पुढे आणखी दोन जुन्या मशिदींची आणि एका देवळाच्या शिखराची कामं मिळाली. तिला आता गल्ली उस्ताद म्हणते.

गफूर उस्ताद अहवालानंतर आठवड्याने आले, मुलीच्या हाताला धरून. फार वाळले होते. आमच्या घरी आले, सवयीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक केली आणि गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, "कळलं हो. चहा घ्या." तीन चमचे साखर.

मग आम्ही मशिदीत गेलो. दुपारच्या नमाजाला वेळ होता, अंगण मोकळं होतं. लक्ष्मम्मा आडाशी पाणी भरत होती, ती घागर तशीच ठेवून आली. उस्ताद नेहमीसारखे हात पाठीमागे बांधून चालत उजव्या मिनारापाशी पोचले आणि थांबले. मुलीचा हात सोडला. उजवा हात पुढे आला. मधलं बोट वाकलं. दोनदा टकटक. मान कलती.

इतका वेळ ते तसेच राहिले की लक्ष्मम्माने माझा दंड धरला.

"वालेकुम सलाम," उस्ताद म्हणाले.

ते फिरले आणि दाराकडे निघाले. मुलगी आधार द्यायला पुढे झाली, त्यांनी नको म्हटलं. हळूहळू चालत गेले, दोन्ही हात बाजूला मोकळे सोडून. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. घरी येऊन मी वहीतलं ते पान काढलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं.